स्पिनरची नवीन जाड बॅकप्लेट: घ्याच
ओहायोत गॅरेजमध्ये बांधलेल्या आमच्या विमानाच्या स्पिनरची (प्रॉपेलरच्या मध्यावरची टोकदार टोपी) जुनी बॅकप्लेट, म्हणजे त्या टोपीला मागून धरणारी प्लेट, उड्डाणाच्या 140 तासांतच तडकली, नटप्लेटच्या (स्क्रू बसवायला पत्र्यावर रिव्हेटने पक्का केलेला नट) रिव्हेटच्या भोकापासून केसाएवढी चीर, बोटाला लागलीच नाही, टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसली. आता 2024-टी3 ची (विमानांसाठी वापरतात तो मजबूत ॲल्युमिनियम मिश्रधातू) जाड प्लेट घेतलीय, बेंडच्या कोपऱ्यांना मस्त गोलाई आहे, पैसे वसूल. भोकांच्या कडा मात्र मी स्वतः परत घासून साफ केल्या कारण चीर तिथूनच सुरू होते. आणि पुढची सपोर्ट प्लेट स्पिनरमध्ये सैल असेल तर सगळा भार मागच्या प्लेटवर येतो, म्हणून ती घट्ट बसवा, प्रॉपेलरचं डायनॅमिक बॅलन्सिंगही (इंजिन चालवून कंपनं मोजून तोल साधणं) करून घ्या. चीर वाढू नये म्हणून तिच्या टोकाला भोक पाडून वेळ मारून नेऊ नका प्लीज, फिरता पार्ट आहे तो, प्लेट बदलाच.