दोन इंजिनांना बॅटरी एक की दोन?

मालवणच्या भाच्याने होडीला दोन आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं) बसवली, पण बॅटरीपाशी अडलाय.

खर्च आणि वजन, दोन्हींत सामाईक बॅटरी सरस.

खरा फरक भरवशाचा. दिवे, जीपीएस, फिशफाइंडर रात्रभर चालून ती उतरली, तर दोन्ही इंजिनं एकदम गप्प. मोठं आउटबोर्ड दोरी ओढून सुरू करणं माणसाच्या ताकदीबाहेरचं. मग दुसरं इंजिन घेतलं कशाला? वेगळ्या बॅटऱ्यांत एक मेली, तरी दुसरं किनाऱ्याला आणतं. दोन्ही बॅटऱ्या गरजेला एकत्र जोडणारा जोडस्विच असेल तर बंद पडलेलंही चालू करता येतं.

मेहनत मात्र वाढते: वायरी जास्त, खाऱ्या हवेत टर्मिनलं पुसणं दुप्पट.

खाडीतच फिरणाऱ्या, दोरीने सुरू होणाऱ्या छोट्या इंजिनांना एक पुरे. खोल समुद्रात जाणाऱ्याने दोन घ्याव्यात, दिव्यांसाठी तिसरी. भाच्याला मी तेच सांगितलं.