इरॅस्मस प्लस एक्सचेंज सेमिस्टर: पैशाला पूर्ण मार्क, कागदपत्रांना काठावर पास

एक्सचेंजवरून परत आल्यापासून ज्युनिअर्सचे मेसेज चालूच आहेत की इरॅस्मस प्लसचा फॉर्म भरू का, वर्थ आहे का, पुढे जॉबला फायदा होतो का, म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकते, नंतर लिंक पाठवली की काम झालं.

आधी एक गोंधळ मिटवू. इरॅस्मस मुंडस वेगळं. ते एक-दोन वर्षांचं अख्खं जॉइंट मास्टर्स, स्कॉलरशिप महिन्याला १४०० युरो, आणि अर्ज आपला आपण थेट करायचा. मी बोलतेय ते एक्सचेंजबद्दल, म्हणजे डिग्री आपल्याच कॉलेजची, फक्त एखादं सेमिस्टर युरोपात. युरोपियन युनियनची ही स्कीम १९८७ ला सुरू झाली तेव्हा फक्त ११ देश होते आणि पहिल्या वर्षी ३,२४४ मुलं गेली, आता युरोपबाहेरच्या कॉलेजांनाही दार उघडंय, पण आपल्या कॉलेजचा आणि तिथल्या युनिव्हर्सिटीचा करार असेल तरच. त्यामुळे रात्र रात्र गूगल करण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसात जा आणि करार कुणाशी, कुठल्या डिपार्टमेंटपुरता, हे विचारा. करार आहे पण तुमच्या ब्रँचला नाही, असंही निघतं.

पैशाचं काम मस्त आहे, तक्रारीला जागा नाही. तिथली ट्यूशन फी माफ, स्टुडंट युनियन किंवा इन्शुरन्सचे किरकोळ पैसे तिथल्या मुलांइतकेच लागू शकतात, वर देशाप्रमाणे महिन्याला ८०० ते ९०० युरो आणि अंतरानुसार प्रवासाचे वेगळे मिळतात. फक्त पहिला हप्ता हातात पडेपर्यंत व्हिसा, रूमचं डिपॉझिट, पहिलं भाडं हे सगळं आपल्याच खिशातून जातं, त्याची सोय आधी करा. आणि हो, ९० दिवसांच्या वर राहायचं तर साधा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, थोड्या दिवसांचा) चालत नाही, त्या देशाचा लाँग स्टे व्हिसा लागतो आणि त्याच्या अपॉइंटमेंटसाठी थांबावं लागू शकतं.

आता खरा डोकेदुखीचा भाग, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तिथे कुठले विषय घेणार आणि ते इथल्या कुठल्या विषयांच्या बदल्यात धरणार, याचा हा कागद, त्यावर तुमची, आपल्या कॉलेजची आणि तिथल्या युनिव्हर्सिटीची अशा तीन सह्या हव्यात. एका सेमिस्टरला ३० ईसीटीएस क्रेडिट (युरोपात अभ्यासाचं काम मोजायचं माप) धरतात. मी निघण्याआधी सगळं छान जुळवलं होतं, तिथे पोचले तर एक विषय त्या सेमिस्टरला चालूच नव्हता आणि दुसरा इंग्लिशमध्ये आहे असं यादीत लिहिलेलं पण शिकवणार त्यांच्याच भाषेत. मग बदलाचा फॉर्म, परत तीन सह्या, तिकडचे मॅडम एका दिवसात सही करून मोकळ्या आणि इकडे आपली फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. तो बदल लेखी झाल्याशिवाय नवीन विषयाच्या लेक्चरला नुसतं बसू नका, तोंडी 'चालेल चालेल' ला परत आल्यावर कुणी ओळखत नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर टाइमटेबल बघून पहिल्यांदा वाटतं की चंगळ आहे, अर्धा आठवडा रिकामा. पण एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात लेक्चर थोडं आणि घरी वाचन, रिपोर्ट, ग्रुप प्रोजेक्ट जास्त. अटेंडन्ससाठी कुणी मागे लागत नाही, आणि सेमिस्टरच्या शेवटी एका विषयाची तोंडी परीक्षा, समोर प्रोफेसर, आणि मी काय वाचलं त्यापेक्षा 'तुला हे पटतं का, का नाही पटत' यावरच सगळे प्रश्न. घाम फुटला पण अख्ख्या एक्सचेंजमधला मला सगळ्यात आवडलेला तास तोच. बाकी ईएसएनवाले (इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क) स्टुडंट व्हॉलंटिअर्स लोकांशी ओळखी करून देतात, ट्रिपा काढतात, सुरुवातीच्या एकट्या दिवसांत फार आधार होतो.

करिअरबद्दल मात्र स्पष्ट बोलते कारण इथेच लोक हवेत असतात. एक्सचेंज म्हणजे तिथल्या नोकरीचं तिकीट नाही. तिथली डिग्री पूर्ण करणाऱ्यांना नंतर नोकरी शोधायला मुदत मिळते, आपली डिग्री तिथली नसते त्यामुळे त्या रांगेत आपण नसतोच. आणि इंटरव्ह्यूला 'युरोपात शिकलेय' एवढ्यावर कुणी भाळत नाही, मला विचारलं ते त्या ग्रुप प्रोजेक्टबद्दल, डेटा कुठून आणला, टीममध्ये भांडण झालं तेव्हा काय केलंत वगैरे. म्हणून विषय निवडताना फिरायला वेळ मिळेल असे सोपे पाच घेण्यापेक्षा हाताने काही करून दाखवावं लागेल असा एक तरी घ्या. पुढे मास्टर्स किंवा पीएचडी करायची असेल तर फायदा जास्त, कारण तिथले प्रोफेसर तुम्हाला कामावरून ओळखतात आणि शिफारसपत्र मागायला तोंड राहतं.

ज्यांचं फायनल सेमिस्टर आहे आणि प्लेसमेंट तोंडावर आहे त्यांनी मात्र नीट विचार करा. तिथला ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मार्कशीट, यायला निकालानंतरही काही आठवडे जातात, मग इथे मार्क चढवायला अजून वेळ, आणि तोवर प्लेसमेंटच्या फॉर्मवर ती जागा रिकामी. शक्य असेल तर एक सेमिस्टर आधीच जाऊन या.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, कापलेला एक त्या सह्यांचा.