एक डीएलएल फाइल हरवली आणि पन्नास हजार गेले

गिरगावात मी २२ वर्षं डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, भाद्रपदात मंडळांच्या पावत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने काढायच्या हाच धंदा, त्यामुळे स्वतःची एवढी मोठी चूक लिहिताना हात जड होतोय. तरी लिहिते, कारण माझ्यासारखे जुन्या सॉफ्टवेअरवर पोट असलेले खूप जण सध्या मशीन बदलतायत.

माझं जुनं मशीन विंडोज १० वर चालायचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा सपोर्ट संपला. मशीनचा प्रोसेसर सहाव्या पिढीतला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणून दिवाळी झाल्यावर लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड मशीन घेतलं, विंडोज ११ टाकून. दुकानदार सरळ माणूस, त्याच्याबद्दल तक्रार नाही. घरी येऊन मराठी अक्षरजुळणीचं माझं जुनं सॉफ्टवेअर सीडीवरून टाकलं. तुळशीचं लग्न लागून गेलं होतं, नऊ पत्रिका रांगेत होत्या. आयकॉनवर क्लिक केलं आणि पाटी आली: ‘द कोड एक्झिक्यूशन कॅनॉट प्रोसीड बिकॉज एमएसव्हीसीआर१००.डीएलएल वॉज नॉट फाउंड.’ म्हणजे या नावाची डीएलएल, सॉफ्टवेअर चालायला लागणारी जोडफाइल, सापडत नाही, म्हणून पुढे जाता येत नाही.

मला वाटलं, विंडोजचीच काहीतरी महत्त्वाची फाइल उडाली. इथेच माझं पाऊल चुकलं. ती फाइल विंडोजची नव्हतीच. व्हिज्युअल सी प्लस प्लस नावाच्या साधनाने जी सॉफ्टवेअरं लिहिली जातात, त्यांना चालायला एक जोडसंच लागतो, त्या संचाच्या २०१० च्या आवृत्तीतली ही फाइल. जुन्या मशीनवर ती दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरबरोबर कधीतरी आलेली असणार. शेजाऱ्याच्या नळावर आपण वर्षानुवर्षं पाणी भरावं आणि बिऱ्हाड बदलल्यावर कळावं की आपल्या घरात नळच नव्हता, तसं झालं. हे आज कळतं. त्या दिवशी मी फाइलचं नाव इंटरनेटवर शोधलं.

पहिल्याच साइटवर ती एकटी फाइल फुकट मिळत होती. उतरवली, सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये टाकली. आता एरर बदलला: ०एक्ससी००००००७बी. माझं सॉफ्टवेअर ३२ बिटचं, म्हणजे जुन्या घडणीचं, आणि उतरवलेली फाइल ६४ बिटची, त्यात न बसणारी, एवढंच त्याचं कारण होतं. मला मात्र वाटलं, दुखणं वाढत चाललंय. त्याच साइटवर ‘सगळ्या डीएलएल दुरुस्त करा’ असं बटण होतं. त्या प्रोग्रामने तपासणी करून लाल अक्षरात १,१४७ एरर दाखवले. आठवड्यापूर्वी कोरं करकरीत विंडोज टाकलेल्या मशीनवर! ही शंका तेव्हा मला शिवलीसुद्धा नाही. दुरुस्तीचे १,९९९ रुपये भरले. पाटी तशीच. खाली मात्र एक टोल फ्री नंबर झळकला.

फोन उचलणारा हिंदीत बोलला, मायक्रोसॉफ्टचे अधिकृत सर्व्हिस पार्टनर आहोत म्हणाला. मी जरा आढेवेढे घेतले तेव्हा त्याने फोन ‘मराठी सिनिअर’कडे दिला. “ताई, मी साताऱ्याचा. टेन्शन घेऊ नका, आपलीच माणसं आहोत.” झालं. हिंदीवाल्याला मी आणखी दहा प्रश्न विचारले असते. साताऱ्याच्या माणसाला चहा विचारायचा तेवढा राहिला होता.

त्याने दूरून मशीन चालवण्याचं एक सॉफ्टवेअर टाकायला लावलं आणि दोन खेळ दाखवले. ते तपशिलाने सांगते, कारण ते खोटे नाहीत आणि म्हणूनच माणूस फसतो. आधी त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्यात लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी होती. “बघा ताई, व्हायरसने पोखरलंय.” ही यादी प्रत्येक विंडोज मशीनवर असते. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते. मग काळ्या खिडकीत असॉक ही कमांड दिली. ओळींचा पूर आला आणि शेवटाकडे एक भलामोठा आकडा थांबला, ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा. “हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स आयडी. हा माझ्याकडेही नोंदलेला आहे, जुळवून बघा.” त्याने फोनवर एकेक अक्षर वाचलं, मी पडद्यावर बोट ठेवून जुळवलं. प्रूफ तपासतात तसं! तंतोतंत जुळलं. आता याच्याकडे माझी नोंद आहे म्हटल्यावर अविश्वास कसला? नंतर भाच्याच्या लॅपटॉपवर तीच कमांड दिली, तोच आकडा. तुमच्याही मशीनवर तोच निघेल, कारण तो विंडोजमधल्या एका सुविधेचा क्रमांक आहे.

दोन वर्षांच्या प्लॅनचे ८,५०० रुपये यूपीआयने दिले. पडद्यावर कंपनीचं नाव न येता कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. ‘आमच्या अकाउंटंटचं खातं,’ तो म्हणाला. बिल ईमेलने आलं. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ओ’ कमी होता आणि दोन ओळींतलं अंतर वेगवेगळं होतं. मला ते पहिल्या नजरेत दिसलं. मी मनातल्या मनात दुरुस्तही केलं. पैसे मात्र गेलेच होते.

“रात्रभर स्कॅन चालेल, मशीन बंद करू नका, माउसला हात लावू नका,” असं सांगून त्याने फोन ठेवला. आणि आम्ही झोपलो.

माझी एक सवय नडली. गिऱ्हाइकं पत्रिकेचा मजकूर एसएमएसने पाठवतात, तो टाइप करायला बरा पडतो म्हणून फोनवरचे मेसेज मी कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडे ठेवते. खरेदीच्या एका साइटवर डेबिट कार्डही जतन केलेलं होतं. रात्री दोननंतर पंचवीस मिनिटांत १०,००० रुपयांची चार गिफ्ट व्हाउचर घेतली गेली. ओटीपी माझ्या फोनवर आले, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला सायलेंटवर होता. तेच ओटीपी बाहेरच्या खोलीत चालू मशीनच्या पडद्यावरही आले. कुणाला सांगावं लागलं नाही, कुणी विचारलं नाही. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे मला पाठ आहे आणि मी खरंच कुणाला सांगितला नव्हता.

सकाळी सहाला मेसेज पाहिले. मुलाला उठवायला तोंड होईना. दोन तास मी नुसती गॅलरीत उभी होते, आणि ते दोन तास सगळ्यात महाग पडले. आठला त्याला सांगितलं, त्याने आधी मशीनची इंटरनेटची वायर उपटली, माझं कार्ड ब्लॉक केलं, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला. नंबर लागायला वेळ लागतो, लावत राहायचं. बँकेचं नाव, व्यवहारांचे क्रमांक, रक्कम आणि वेळ हातात लिहून ठेवा, तिकडून हेच विचारतात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. खरेदीच्या साइटला कळवल्यावर चारपैकी एक व्हाउचर न वापरलेलं सापडलं, ते १०,००० परत आले. बाकीच्यांचं बँक म्हणते, ओटीपी बरोबर टाकला गेलाय. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांत ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंतचं, ग्राहकावरच येतं. हलगर्जीपणा म्हणजे नेमकं काय, यावर आमचा पत्रव्यवहार चालू आहे.

मशीनची डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकलं, दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदलले. मग भाच्याने मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१० चा जोडसंच उतरवला. फुकट. विंडोज ६४ बिटची असली तरी सॉफ्टवेअर ३२ बिटचं म्हणून संचही ३२ बिटचा घ्यायचा, एवढी एकच गोम. इन्स्टॉल, ओके, आणि माझं सॉफ्टवेअर उघडलं. मी घड्याळ पाहिलं नाही, पण गॅसवरचं दूध उतू जायच्या आत झालं.

त्यानेच समजावलं की फाइलच्या नावातच पत्ता असतो. एमएसव्हीसीआर१०० किंवा एमएसव्हीसीपी१०० म्हणजे २०१० चा संच, १२० म्हणजे २०१३ चा, आणि व्हीसीरनटाइम१४० असेल तर २०१५ पासूनच्या एकत्रित संचातली. सुटी डीएलएल कुठूनही उतरवायची नाही, पूर्ण संच टाकायचा. विंडोजची स्वतःची फाइल बिघडली असेल तर एसएफसी आणि डिझम या कमांड विंडोजमध्येच आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत. माझ्या दुखण्यावर मात्र त्याही चालल्या नसत्या, कारण फाइल विंडोजची नव्हती.

नऊपैकी दोन पत्रिका हातच्या गेल्या. एका वधूपित्याने तर ‘तुमचं मशीन आणि माझी मुलगी एकाच मुहूर्तावर उजवायची होती का’ असं ऐकवलं.

परवा पुन्हा फोन आला. कंपनी बंद होतेय, माझे ८,५०० रुपये परत करायचेत, फक्त दूरून मशीन चालवण्याचं ते सॉफ्टवेअर पुन्हा एकदा टाकायचं. आवाज मी लगेच ओळखला. गाव विचारलं तर म्हणाला, “ताई, मी सांगलीचा.”