कळलावीचा कंद : घ्यावा, पण टोक पाहून

पावसाळ्यात गोव्यातील सड्यांच्या म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारांच्या कडेला, विरळ रानात आणि वाटेकाठच्या वईंवर (कुंपणांवर) आपोआप फुलणारी कळलावी आता काही रोपवाटिकांतही मिळू लागली आहे. फोंड्याजवळच्या अशाच एका लहान रोपवाटिकेतून मे महिन्यात तिचे कंद नगाला दीडशे रुपये या दराने घेतले. रानात फुकट उगवणाऱ्या वेलीसाठी ही रक्कम काहींना जास्त वाटेल. परंतु गणेश चवथीच्या तोंडावर, गणपतीच्या वर रानफळे-फुले बांधून टांगतात त्या माटोळीच्या नावाखाली डोंगर जसा ओरबाडला जातो, ते पाहता लागवडीतून तयार झालेल्या कंदाचे पैसे मोजणे मला रास्त वाटते.

या खरेदीत सारे काही कंदाच्या टोकावर अवलंबून असते. नांगराच्या फाळासारख्या वाकड्या कंदाला बहुधा दोन शाखा असतात, प्रत्येक शाखेच्या टोकाला एकच डोळा असतो, आणि तो मोडला की कंद कितीही टणक दिसत असला तरी ती शाखा फुटत नाही. या रोपवाटिकेत कंद लाकडाच्या भुशात ठेवलेले होते आणि विक्रेत्याने प्रत्येकाचा फिकट डोळा दाखवून मगच ते कागदात गुंडाळून दिले. याउलट घरपोच माल पाठवणाऱ्या एका विक्रेत्याकडून मागवलेल्या कंदांची टोके वाटेतच मोडून आली होती, आणि तक्रार केल्यावर ‘पाणी कमी पडले असेल’ असे उत्तर आले. तेही गोव्याच्या आषाढात!

रोपवाटिकेचे कंद मात्र मृगाच्या सरींबरोबर फुटले. या वेलीच्या पानाचे टोकच तंतूसारखे लांबते आणि जे बारीक हाती लागेल त्याला वेटोळे घालते, म्हणून तिला जाड खांब उपयोगाचा नाही; बांबूच्या काड्या किंवा एखादे झुडूप लागते. फूल खाली मान घालून उमलते, परंतु त्याच्या सहाही लहरी पाकळ्या मागे उलटून वर उभ्या राहतात. आधी हिरवट पिवळ्या, मग नारिंगी आणि शेवटी लालभडक अशा वेगवेगळ्या वयाच्या फुलांनी एकच वेल भरते, तेव्हा दीडशे रुपयांचा विचार मनात राहत नाही. स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून बाजूला गेलेली असते, त्यामुळे स्वतःचे पराग सहजी तिथे पोचत नाहीत. तामिळनाडूत, जिथे हे राज्यपुष्प आहे आणि बियांसाठी त्याची शेतीही होते, तिथे परागीकरण मजुरांकडून हाताने करून घेतात.

त्या शेतीचे कारण म्हणजे कोल्चिसिन हे द्रव्य, ज्यापासून संधिवाताच्या गाऊट या प्रकारावरचे औषध बनते. तेच या वेलीचे विष आहे. ते सर्वांगात असते, कंदात व बियांत विशेष, आणि शिजवूनही जात नाही. कणगां आणि करांदे यांसारखे कंद आवडीने उकडून खाणाऱ्या आपल्या प्रदेशात असा कंद विषाचा इशारा देणाऱ्या चिठ्ठीशिवाय विकला जावा, ही मला या रोपवाटिकेची एकमेव, पण गंभीर उणीव वाटते. विक्रेत्याने तोंडी बजावले हे खरे, परंतु कागदाची पुडी स्वयंपाकघरातल्या टोपलीपर्यंत पोचते तेव्हा बजावणारा सोबत नसतो. घरात रांगते मूल किंवा दारात गुरे असल्यास ही खरेदी टाळावी.

एरवी निगा अगदी थोडी. पाणी साचल्यास कंद कुजतो, म्हणून तांबड्या मातीत वाळू व पालापाचोळ्याचे खत मिसळून कुंडी भरावी. पावसाळ्यानंतर वेल वाळली की पाणी तोडावे आणि कंद तसाच निजू द्यावा. बियांपासून केल्यास फुलासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते, तेव्हा कंदच बरा, आणि तोही मेमध्येच घ्यावा. जुलैत कुंडीसकट विकली जाणारी वेल शेजारच्या रोपांत इतकी गुंतलेली असते की सोडवतानाच तिचा शेंडा तुटतो.