इंजिन रुळावरून उचललं तरी फ्लॅशर लुकलुकत होता

माझ्या छोट्या मॉडेल रेल्वे इंजिनाला दिवे बसवून देतो म्हणून एकानं मला फसवलं. आधी आकडे सांगतो, कारण दोन महिने जो तो 'साधारण किती गेले?' म्हणून विचारतोय. साधारण नाही. आगाऊ ६,५०० रुपये, साउंड डीकोडरचे (इंजिनाची मोटर, दिवे आणि आवाज चालवणारी चिप) ९,४००, कामाचे उरलेले ७,६५० आणि कुरिअरच्या विम्याचे म्हणून ६४०. एकूण २४,१९० रुपये. मोटर जळली ती वेगळी.

मी ठाण्याला नौपाड्यात राहतो. पंधरा वर्षं एचओ स्केलची, म्हणजे १:८७ ची, इंजिनं जमवतोय आणि बनवतोय. ज्या इंजिनावरून हे सगळं झालं ते डब्ल्यूडीएम-३ए आहे, ३,१०० अश्वशक्तीच्या अल्को घराण्यातल्या डिझेल इंजिनाचं मॉडेल. बॉडी थ्रीडी प्रिंट करून घेतलेली, खाली परदेशी चासी, रंग माझ्या हातचा. कॅबवर 'कल्याण' ही अक्षरं स्टेन्सिल कापून मीच काढली, कारण माझे वडील कल्याणच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. दिवा स्टेशनवर उभं राहून कोकणात जाणाऱ्या गाडीचं इंजिन आवाजावरून ओळखायला त्यांनीच मला शिकवलं.

फक्त दिवे राहिले होते. आणि दिवे मला खरे हवे होते. जुळे हेडलाइट उबदार पिवळसर आणि दिशेप्रमाणे बदलणारे. रात्री धावताना पुढे दोन पांढरे मार्कर. आणि फ्लॅशर वेगळ्या बटणावर. बरेच जण फ्लॅशर सतत लुकलुकत ठेवतात, छान दिसतो म्हणून. ते चूक आहे. गाडी तुटली, डबा घसरला, ब्रेकचा दाब अचानक पडला, की लोको पायलट तो पिवळा दिवा लावतो, म्हणजे शेजारच्या रुळावरून समोर येणारी गाडी वेळेत थांबते. तो धोक्याचा दिवा आहे, सजावटीचा नाही.

'तुम्ही स्वतः का नाही केलं?' हेही सगळ्यांनी विचारून झालंय. ०४०२ मापाचा एलईडी एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. गेल्या वर्षीपासून माझा उजवा हात थरथरतो. त्याला केसाएवढी तार डाखणं मला आता जमत नाही. म्हणून माणूस शोधला, हौस म्हणून पैसे उडवले नाहीत.

तो माणूस एका ओळखीच्याच्या ओळखीतून मिळाला. तुर्भ्याला गाळा आहे म्हणाला. बोलणं स्वच्छ मराठी, मला 'काका' म्हणायचा. पहिल्याच फोनवर त्यानं विचारलं, "काका, फ्लॅशर फक्त शॉर्ट हूडला की दोन्हीकडे?" असा प्रश्न विचारणारा भामटा असेल असं कुणाला वाटेल? सांगा ना. ज्याला शॉर्ट हूड आणि लाँग हूड, म्हणजे कॅबच्या दोन बाजूंचं आखूड आणि लांब नाक, कळतं त्याला काम येतं, असं मी धरून चाललो. इंजिन कुरिअरने पाठवलं.

डीकोडरचे पैसेही त्यालाच दिले. हे करू नका. डीकोडर स्वतः विकत घ्या, बिल स्वतःच्या नावाचं घ्या, मग कामाला द्या.

पाच आठवड्यांनी व्हिडिओ आला, ४१ सेकंदांचा. इंजिन रुळावर, हेडलाइट लागलेले, फ्लॅशर चालू. तेविसाव्या सेकंदाला तो इंजिन हातात उचलतो, आतलं काम किती नेटकं आहे ते दाखवायला. त्या क्षणी हेडलाइट विझतात. फ्लॅशर मात्र लुकलुकत राहतो. व्हिडिओ संपेपर्यंत, अठरा सेकंद, त्याच ठेक्यात.

मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. लगेच फोन करून विचारलं. तो म्हणाला, "काका, कीप-अलाइव्ह टाकलाय, माझ्याकडून भेट." आणि मी गप्प बसलो. कीप-अलाइव्हचा कपॅसिटर इंजिनाला दोन-चार सेकंद तगवतो, घाणेरड्या रुळावर झटके बसू नयेत म्हणून. अठरा सेकंद? आणि तो डीकोडरला वीज पुरवत असेल तर हेडलाइट का विझले? एकाच डीकोडरवरचा एक दिवा जगतो आणि दुसरा मरतो, कसं काय? हा प्रश्न पंधरा वर्षं हेच करणाऱ्या माणसाला पडायलाच हवा होता. व्हिडिओ मी सात वेळा पाहिला. मागच्या टोकाचे दिवे त्यात एकदाही दिसत नाहीत, हेही तेव्हा खटकलं नाही. त्याच संध्याकाळी ७,६५० आणि ६४० पाठवले.

पार्सल आलं. माझी यंत्रणा डीसीसीची, म्हणजे रुळातूनच प्रत्येक डीकोडरला त्याच्या पत्त्यावर आज्ञा पाठवणारी, म्हणून पत्ता ३ टाकून इंजिन रुळावर ठेवलं. जागचं हललं नाही, नुसतं घुमायला लागलं. पत्ता चुकला असेल म्हणून चार-पाच मिनिटं मी आकडे बदलत राहिलो. मग जळका वास आला.

बॉडी उघडली. डीकोडर नव्हताच. सॉकेटमध्ये डीकोडरशिवाय साध्या डीसीवर चालवायची कोरी प्लग होती, म्हणजे डीसीसीचा प्रवाह सरळ मोटरला मिळत होता. हेडलाइट म्हणून दोन्ही टोकांना निळसर पांढरे स्वस्त एलईडी, एका रेक्टिफायरमधून थेट रुळाच्या विजेवर, पुढे-मागे कायम चालू. मागे हवा तो लाल मार्कर पुढच्या बाजूला पेटलेला. आणि फ्लॅशर? घड्याळात असतो तसला सीआर २०३२ चा सेल दुहेरी टेपने चिकटवलेला, त्यावर आपोआप लुकलुकणारा एलईडी. वडिलांच्या शेडचं नाव असलेल्या बॉडीच्या आत गरम गोंदाचे गोळे.

डीकोडर खरंच बसवला आहे का ते एका मिनिटात कळतं. समोरच्याला व्हिडिओ कॉलवर सीव्ही ८, म्हणजे डीकोडरमधली आठव्या क्रमांकाची नोंद, वाचून दाखवायला सांगा, तिथे डीकोडर बनवणाऱ्याचा क्रमांक येतो. डीकोडर नसेल तर वाचनच होत नाही. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही.

त्याचा फोन बंद. तुर्भ्याला जाऊन आलो. त्यानं दिलेल्या क्रमांकाचा गाळा त्या इमारतीत नाहीच.

मग पोलीस ठाणं. तिथल्या साहेबांनी इंजिन हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "खेळण्याचे चोवीस हजार?" बाजूचे दोघे हसले. मी बावन्न वर्षांचा माणूस, कागदांची फाइल घेऊन उभा. खेळणं असलं तर चोरी माफ असते का? पुढे सांगितलं, आरोपी खाडीपलीकडचा, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे पैसे तुमच्या खात्यातून गेले, इकडे का आलात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी छापून नेलं होतं. तो कागद वाचलासुद्धा नाही. तिसऱ्या खेपेला ऐकवलं, हा दिवाणी वाद आहे, माल तर मिळालाय ना तुम्हाला. माल! सेल आणि गोंद! भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? चार खेपा, चार सुट्ट्या, हातात एक साधा अर्ज आणि त्यावर शिक्का.

बँकेचं उत्तर दोन ओळींचं होतं: पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीने झाला. संमती डीकोडरला होती. ते लिहून पाठवलं, तर तेच उत्तर पुन्हा आलं, फक्त तारीख बदलून.

माझीही एक चूक झाली. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी नवव्या दिवशी फोन केला, लाजेपायी. तुम्ही त्याच तासाला करा, पैसे पुढे सरकायच्या आत. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. जमत असेल तर दिवे स्वतःच जोडा: निळी तार सामायिक धन, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, हिरवी फ्लॅशरला, प्रत्येक एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर. एवढंच काम होतं ते.

गेल्या रविवारी डोंबिवलीच्या एका मुलाचा फोन आला. त्याच्याकडे ११,००० रुपये मागितले आहेत आणि कामाचा नमुना म्हणून व्हिडिओ पाठवलाय. मी तो मागवून पाहिला. माझंच इंजिन आहे. 'कल्याण'चा 'ण' स्टेन्सिल सरकल्यामुळे जरा तिरका आलाय, तो स्पष्ट दिसतो. नंबर नवा आहे, नाव नवं आहे. त्या मुलाला मी तेविसाव्या सेकंदाला थांबवून बघायला सांगितलं. त्यानं पैसे पाठवले नाहीत.