रीबिल्डच्या नावाखाली फक्त रंगवलेला टॉर्क कन्व्हर्टर

ताशी ५० ते ७० च्या दरम्यान, ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून चालवताना गाडी रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. गॅरेजवाला म्हणतो, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) गेला, रीबिल्ड करावा, म्हणजे कापून आतले झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडावा लागेल. गिअरबॉक्स उतरतो, गाडी आठवडाभर उभी राहते, घसघशीत बिल हातात पडतं आणि गाडी खरंच सुतासारखी सरळ चालायला लागते. दोन-अडीच महिन्यांत तीच थरथर परत येते. या वेळी जोडीला इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइलही गळत असतं.

इनोव्हा क्रिस्टा, एक्सयूव्ही ५००, क्रेटा डिझेल अशा टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या आता वॉरंटीबाहेर गेल्या आहेत. नवा कन्व्हर्टर महाग पडतो, म्हणून मालक रीबिल्डकडे वळतात. त्यात गैर काही नाही, नीट केलेला रीबिल्ड वर्षानुवर्षं टिकतो. पण कन्व्हर्टर हा वेल्डिंग करून बंद केलेला डबा आहे. आत काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. त्याला दिसतो तो वरचा ताजा काळा रंग. सगळी फसवणूक यावरच चालते.

पूर्ण रीबिल्डचं बिल लावलेला असाच एक कन्व्हर्टर दुसऱ्या ठिकाणी लेथवर चढवून पुन्हा कापला गेला. बिलावर लाइनिंग, बेअरिंग, सील आणि बॅलन्सिंग असं सगळं लिहिलेलं होतं. आत लॉक-अपच्या (वेग आल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट जोडणाऱ्या क्लचच्या) पिस्टनवरच्या लाइनिंगचा, म्हणजे घर्षणाच्या पट्टीचा, जेमतेम अर्धा घेर जागेवर होता, बाकीची सोलून निघालेली. उघड्या पडलेल्या पत्र्यावर जुन्या गोंदाचे तपकिरी चट्टे तसेच. कव्हरच्या आतल्या बाजूला, जिथे ही लाइनिंग दाबली जाते, तिथे निळे-जांभळे डाग. बेअरिंगच्या सुया जुन्याच, उष्णतेने रंग पालटलेल्या. टर्बाइनच्या (ऑइलच्या झोताने फिरणाऱ्या चक्राच्या) पात्यांच्या मुळाशी वेल्डिंगचे बारीक गोळे अडकलेले. नवं असं काय होतं, तर एक रबरी रिंग आणि लाइनिंगची एक स्वस्त कडी.

यातली प्रत्येक चूक पुढे वेगळ्या रीतीने महागात पडते. लाइनिंग चिकटवणं हे सगळ्यात नाजूक काम. जुनी पूर्ण काढून पत्रा ब्लास्टिंगने स्वच्छ करायचा, त्यावर तेलाचा अंशही ठेवायचा नाही, मग गोंद लावून गरम प्रेसमध्ये ठरलेलं तापमान आणि दाब ठरलेल्या वेळेपर्यंत द्यायचा. कानशीने खरवडून, पेट्रोलने पुसून बसवलेली लाइनिंग पहिले काही दिवस छान चालते, कारण सुरुवातीला गोंद धरून असतो. रोज तापून निवत राहणाऱ्या ऑइलमध्ये गोंद सुटतो आणि लाइनिंगचे पापुद्रे ऑइलबरोबर थेट व्हॉल्व्ह बॉडीत (गिअरबॉक्समध्ये ऑइलचा दाब वाटणाऱ्या भागात) आणि कूलरमध्ये जातात. म्हणजे कन्व्हर्टरचं दुखणं गिअरबॉक्सच्या गळ्यात.

लाइनिंगची जातही महत्त्वाची आहे. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये लॉक-अप एकतर पूर्ण लागायचा नाहीतर पूर्ण सुटायचा. आताच्या सहा गिअरच्या बऱ्याच बॉक्समध्ये कॉम्प्युटर लॉक-अपला मुद्दाम थोडा घसरत ठेवतो, म्हणजे इंजिनचे धक्के केबिनपर्यंत पोचत नाहीत. अशा सततच्या घसरणीसाठी वेगळी लाइनिंग लागते. तिथे साधी कागदी लाइनिंग लावली की ती चकाकते आणि थरथर सुरू होते. कव्हरवरचे निळे डाग मशीनिंगने काढून पृष्ठभाग सपाट केला नाही, तर उत्तम लाइनिंगही त्याच जागी जळते. लाइनिंग जाड लावली तर लॉक-अप न लागताही घासत राहतो, पातळ लावली तर उशिरा धरतो.

वेल्डिंग करताना दोन मापं सांभाळावी लागतात. पहिलं आतली मोकळीक. ती बहुतेक कन्व्हर्टरमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, मॉडेलप्रमाणे थोडी कमी-जास्त. कापताना धातू जातो, त्यामुळे दोन भाग जिगमध्ये न धरता अंदाजाने जोडले की ही मोकळीक बिघडते. कमी झाली तर बेअरिंग दाबून बसतं आणि जळतं, जास्त झाली तर टर्बाइन पुढेमागे आपटतो. दुसरं माप हबचं. गिअरबॉक्सच्या पंपात शिरणारी ही नळी डायल गेजवर फिरवून पाहायची. डगमग ०.२५ मिमीच्या वर असेल तर तो कन्व्हर्टर बसवायचाच नाही, चांगलं काम त्याच्या निम्म्यातच बसतं. हब डगमगला की पंपाचा बुश खातो आणि मागोमाग ऑइल सील जातं. सील नवं टाकूनही गळती थांबत नसेल तर कारण बहुधा हेच. हबवर जुन्या सीलने खाच पाडलेली असते, तीही बोटाच्या नखाला लागते. पॉलिश पेपर मारून ती गुळगुळीत दिसते, पण हबचा व्यास कमी होतो आणि सील पकडत नाही. खाच खोल असेल तर हब बदलणं हाच इलाज आहे.

शेवटी हवा भरून पाण्यात गळती तपासायची आणि बॅलन्सिंग मशीनवर चढवायचं. बॅलन्सिंग झालं असेल तर बहुतेक वेळा कडेला नव्याने लावलेला वजनाचा तुकडा किंवा ताजी खूण दिसते. तशी काहीच खूण नसेल तर मशीनवरचा आकडा मागावा.

स्टेटरच्या (कन्व्हर्टरमध्ये ऑइलचा प्रवाह वळवणाऱ्या चक्राच्या) आत एकाच दिशेला फिरणारा क्लच असतो, त्याला तर कित्येक ठिकाणी हातही लावत नाहीत. तो दोन्हीकडे फिरायला लागला की गाडी सिग्नलवरून फार सुस्त उठते. दोन्हीकडे अडकला तर उठते ठीक, पण हायवेवर दम धरत नाही आणि ऑइल तापतं.

बसवतानाही घोळ होतो. कन्व्हर्टर हलवत-फिरवत पंपाच्या खाचांत पूर्ण आत गेला की नाही, हे बेल हाउसिंगच्या (कन्व्हर्टर ज्यात बसतो त्या गिअरबॉक्सच्या तोंडाच्या) काठापासून माप घेऊन बघायचं असतं. बॉक्स इंजिनला चिकटल्यावर फ्लेक्स प्लेट (इंजिनला लावलेली चकती) आणि कन्व्हर्टरमध्ये काही मिलिमीटर मोकळीक उरली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने सहज फिरला पाहिजे. तो फिरत नसताना बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेतला की पंपाचा गिअर फुटतो. कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या नाहीत, तर जुन्या लाइनिंगचा चिखल पहिल्याच फेरीत नव्या कन्व्हर्टरमध्ये परत येतो. शक्य असेल तिथे कूलर बदललेलाच बरा.

याहून वाईट प्रकार म्हणजे कन्व्हर्टर चांगला असतानाच तो उतरवायला लावणं. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सचाच क्लच आणि गिअर आपोआप चालवणाऱ्या) गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, तिथे कुणी हे नाव घेतलं तर सरळ गाडी काढून न्यावी. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेक पेडल फक्त ब्रेक लाइट लागेल इतकंच दाबावं. हे मोकळ्या रस्त्यावरच करायचं. लॉक-अप सुटतो आणि थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉक-अपवर. थांबली नाही तर इंजिनचं मिसफायर, माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट हे आधी तपासावं. स्कॅनरवर लॉक-अप स्लिपचा, म्हणजे घसरणीचा, आकडा बघावा, पी०७४१ (लॉक-अप नीट लागत नसल्याचा) कोड आहे का ते पाहावं. आणि कोड असला तरी दोष व्हॉल्व्ह बॉडीतल्या झिजलेल्या व्हॉल्व्हचा किंवा सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या झडपेचा) असू शकतो. कधी कधी नुसतं कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल बदलूनही थरथर जाते, म्हणून बॉक्स उतरवण्याआधी तो खर्च करून पाहण्यासारखा आहे.

काम द्यायचंच ठरलं तर अटी बॉक्स उतरण्याआधी जॉब कार्डवर लिहून घ्याव्यात. कन्व्हर्टरच्या कव्हरवर स्वतःची पंच खूण करावी आणि फोटो काढावा, म्हणजे दुसऱ्याच गाडीचा रंगवलेला कन्व्हर्टर गळ्यात पडत नाही. कापल्यावर आणि पुन्हा वेल्डिंग करण्याआधी, अशा दोन्ही वेळी बोलावून दाखवायचं. काढलेली लाइनिंग, बेअरिंग आणि सील पिशवीत घालून परत द्यायची. आतली मोकळीक, हबची डगमग आणि बॅलन्सिंग यांचे आकडे बिलावर. बिल जीएसटीचं, कन्व्हर्टरचं काम आणि बॉक्स काढ-घाल वेगवेगळ्या ओळींत, आणि वॉरंटीत काढ-घालीची मजुरी व ऑइल धरलेलं. मोबदला थोडा जास्त मागितला तरी चालेल, पण जो वेल्डिंगआधी दाखवायला तयार नाही त्याच्याकडे काम देऊ नये.

थरथर परतल्यावर गाडी त्याच गॅरेजला तशीच सोडून येणं ही मोठी चूक ठरते. तिथे ऑइलमध्ये घर्षण बदलणारं ॲडिटिव्ह ओततात, गिअरबॉक्सचं लर्निंग (कॉम्प्युटरने चालवता चालवता जुळवलेली मापं) रीसेट करतात आणि गाडी काही आठवडे गोड चालते, तोवर वॉरंटीची मुदत संपते. आधी स्लिपच्या आकड्यांचं रेकॉर्डिंग करावं, थोडं ऑइल पारदर्शक बाटलीत काढून तारीख टाकावी, तक्रार ईमेल किंवा रजिस्टर्ड पोस्टाने लेखी द्यावी. कन्व्हर्टर दुसरीकडे कापायचा असेल तर पहिल्या गॅरेजला तारीख-वेळ लेखी कळवून, पंच खुणेपासून सलग व्हिडिओ काढत कापावा, आणि कापणाऱ्याकडून काय आढळलं ते लेटरहेडवर सहीनिशी घ्यावं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे मिटलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. गाडी टॅक्सी म्हणून चालत असेल तर समोरचा व्यापारी वापराचा मुद्दा काढतो. स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वयंरोजगार म्हणून चालवणाऱ्याला कायद्याने त्यातून सूट आहे. तसं तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावं आणि परमिटची प्रत जोडावी.