अरण्य नगर, स्कीम 78 : घर घेण्याआधी काय बघाल

इंदुरात लहान घर शोधत असाल तर बायपासपलीकडच्या टाउनशिपांकडे वळण्याआधी विजय नगरच्या बाजूला अरण्यात एक फेरी मारा. इंदूर विकास प्राधिकरणाने वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींच्या संस्थेकडून आखून घेतलेली ही वसाहत. साधारण 85 हेक्टरांत 60,000 माणसांची सोय धरलेली. 1995 साली तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, पण घर घेणाऱ्याने बघायचं ते तिचं गणित.

सर्वांत लहान प्लॉट 35 चौरस मीटरचा. त्यावर जोतं, संडास-न्हाणी, नळ आणि फार तर एक खोली. पुढचं जमेल तसं वाढवायचं. मोठे प्लॉट मुख्य रस्त्यांकडे ठेवून चढ्या भावाने विकायचे आणि त्या नफ्यावर आतले स्वस्त द्यायचे, अशी मूळ योजना. दुसरी बचत दर्शनी रुंदीत आहे. 100 मीटर गल्लीत दोन्ही बाजूंना 4 मीटर रुंदीची घरं लावली तर 50 बसतात, 12 मीटरची लावली तर जेमतेम 16. नळाची लाइन, गटार, डांबर, दिव्याचे खांब तेवढेच! ऐसपैस टाउनशिपचा मेंटेनन्स का झोंबतो, ते इथे कळतं.

भिंतीला भिंत असल्याने ऊन फक्त पुढच्या-मागच्या बाजूला आणि गच्चीवर लागतं. मागचा चौक उघडा असेल तर वाराही आरपार जातो. बऱ्याच घरांत मात्र तो झाकून खोली काढलेली असते. मग दिवसाही दिवा लावावा लागतो. असं घर स्वस्त मिळालं तरी सोडा.

वरचे मजले चढवलेले असतील तर कॉलम आहेत की भार नुसत्या विटांच्या भिंतींवर आहे, हे विचारा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेली असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. गल्लीत काँक्रीटवर काँक्रीट पडून रस्ता जोत्याच्या वर आला असेल, तर पावसाळ्यात चेंबरचं पाणी उलटं न्हाणीत येतं. झाकण उघडायला लावा, आतल्या पाइपाची पातळी न्हाणीच्या फरशीपेक्षा खाली आहे ना, ते बघा.

ओटला, म्हणजे दारापुढचा ओटा, असलेलं घर मिळालं तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. गाडीसाठी मात्र जागा नाही; स्कूटर निघते, कार लांब मोठ्या रस्त्यावर लावावी लागेल.